समुद्रापलीकडची विद्या आणि देवळातील द्रव्य

महाजन कुटुंबांच्या घराघरांतून आज एक प्रश्न वारंवार चर्चिला जातो. महाविद्यालयात शिकणारा मुलगा किंवा मुलगी पुढील शिक्षणासाठी परदेशी जाण्याचा मनोदय बोलून दाखविते आणि घरातील वडीलधारी माणसे विचारात पडतात. पैसा कोठून उभा करावयाचा, तिकडे गेलेले मूल परत येईल की नाही, त्याचे आचारविचार कसे राहतील, म्हाताऱ्या आईवडिलांचे पुढे काय, हे त्यांचे प्रश्न असतात. हे प्रश्न नवे नाहीत. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हेच प्रश्न याहून कितीतरी कठोर स्वरूपात आपल्या पूर्वजांसमोर उभे होते. त्या काळी परदेशगमनाचा निर्णय घेणाऱ्या विद्यार्थ्याला केवळ तिकिटाच्या पैशांचा नव्हे, तर जातीचा, पंक्तीचा आणि देवळाच्या पायरीचाही विचार करावा लागे. म्हणून या विषयाकडे इतिहासाच्या दृष्टीने पाहणे उद्बोधक ठरेल. त्यातही मध्य प्रांत व वऱ्हाडातील एका शेतकरीपुत्राची हकीकत देवस्थानांशी निगडित असलेल्या प्रत्येकाने जाणून घ्यावी अशी आहे.

शास्त्र आणि व्यवहार

समुद्रगमनाविषयी धर्मशास्त्रात जे सांगितले आहे त्यात मुळातच एकवाक्यता नाही. बौधायन धर्मसूत्रात समुद्रप्रवास हा पतित करणाऱ्या कृत्यांत गणला आहे. पण त्याच ग्रंथात तो उत्तरेकडील लोकांचा एक विशिष्ट आचार म्हणूनही नोंदलेला आहे. म्हणजे सूत्रकाराच्या काळीही माणसे समुद्रावर जात होती. पुढे कलिवर्ज्य प्रकरणात हा निषेध पक्का झाला आणि एकोणिसाव्या शतकात इंग्रजी शिक्षण घेतलेल्या तरुणांच्या वाटेत तो आडवा आला. १८८३ साली आनंदीबाई जोशी वैद्यक शिकण्यासाठी अमेरिकेस निघाल्या, त्यापूर्वी श्रीरामपूर येथे भरसभेत त्यांना आपल्या जाण्याचे समर्थन करावे लागले. १८८६ साली त्या पदवीधर झाल्या आणि स्वदेशी परतल्यावर लवकरच, फेब्रुवारी १८८७ मध्ये, क्षयाने निवर्तल्या. त्याच १८८६ साली डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर व्हिएन्ना येथील प्राच्यविद्या परिषदेस गेले. एक विद्यार्थिनी आणि एक विद्वान, दोघांनीही आपापल्या परीने निषेधाची भिंत ओलांडली.

गोमंतकातील महाजनांनी तर पाणी ओलांडण्याची गोष्ट फार पूर्वीच अनुभवली होती. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात साष्टी, तिसवाडी व बारदेश या महालांतील देवळांवर संकट आले तेव्हा पूर्वजांनी देव पालखीत घेऊन खाडी ओलांडली आणि परक्या राज्यात त्यांची स्थापना केली. कुशस्थळीचा मंगेश अंत्रुज महालात आला आणि साखवाळचा लक्ष्मीनृसिंह वेलिंगेस आला, ते याच काळात. जे टिकवावयाचे त्यासाठी ठिकाण बदलावे लागते, हा धडा ज्यांच्या कुळाचारातच आहे, त्यांना विद्येसाठी ठिकाण बदलणे अगदीच अपरिचित वाटू नये.

गोमंतकाचे उदाहरण

तथापि गोमंतकीय हिंदू विद्यार्थ्याची वाट बिकट होती. पणजीत १८४२ साली वैद्यकीय शाळा आणि १८५४ साली लिसेव स्थापन झाले. पण विद्यापीठ मात्र १९८५ पर्यंत झाले नाही. कायदा, अभियांत्रिकी किंवा विज्ञान शिकावयाचे तर लिस्बन, कोइंब्रा किंवा मुंबई-पुणे यांपैकी एका वाटेने जाणे भाग होते. १९१० साली पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आले आणि त्यानंतर हिंदूंना शिक्षण व सरकारी नोकरी यांची दारे अधिक मोकळी झाली.

याच गोमंतकातील साखवाळ गावच्या धर्मानंद कोसंबींचे उदाहरण सर्वश्रुत आहे. १८७६ साली जन्मलेला हा गृहस्थ नारळाची बागायत सांभाळीत होता. बुद्धचरित्राच्या वाचनाने त्यांचे मन असे वेधले गेले, की १८९९ साली पत्नी आणि नुकतीच जन्मलेली मुलगी यांना मागे ठेवून ते विद्येच्या शोधात बाहेर पडले. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ असा प्रवास करीत १९०२ साली ते सिंहलद्वीपात पोहोचले आणि तेथे पाली भाषा शिकले. पुढे १९१० साली हार्वर्ड विद्यापीठाने त्यांना पाली ग्रंथाच्या संपादनासाठी बोलाविले. १९१८ साली ते पुन्हा अमेरिकेस निघाले तेव्हा मुलगी माणिक आणि मुलगा दामोदर यांना बरोबर घेऊन गेले. जिला बाळपणी मागे ठेवले होते, त्या माणिकने रॅडक्लिफ महाविद्यालयात पदवी मिळविली. दामोदर मध्यंतरी स्वदेशी येऊन १९२६ साली हार्वर्डला परत गेले, १९२९ साली तेथील पदवी उच्च सन्मानाने घेतली आणि गणित व इतिहास या दोन्ही क्षेत्रांत नाव मिळविले. या एका घराच्या कथेत परदेशी विद्येची किंमत आणि तिचे फळ ही दोन्ही दिसतात. किंमत प्रथम घरात मागे राहिलेल्या स्त्रीने मोजली, ही गोष्ट गौरवाच्या भरात विसरता कामा नये.

बालाघाट, नागपूर आणि वऱ्हाड

आता समुद्रापासून शेकडो कोस दूर असलेल्या प्रदेशाकडे वळू. वैनगंगेच्या काठचा बालाघाट जिल्हा १८६७ साली अस्तित्वात आला. शेजारच्या भंडारा, शिवनी आणि मंडला या जिल्ह्यांतील भूभाग एकत्र करून तो बनविण्यात आला. घाटावरचा प्रदेश म्हणून बालाघाट. दाट जंगल, धानाची शेती आणि भरवेलीची मँगनीजची खाण ही त्याची ओळख. लांजीचे कोटेश्वर आणि रामपायलीचे राम-बालाजी ही तेथील जुनी श्रद्धास्थाने. नागपूरकर भोसल्यांच्या राजवटीमुळे मराठी भाषेचा वावर तेथे जुनाच आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत शेजारचा भंडारा मुंबई राज्यात गेला आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. पण त्यापूर्वी दीर्घकाळ बालाघाट, नागपूर, वर्धा आणि १९०३ पासून वऱ्हाडही, ही सर्व एकाच प्रांताची अंगे होती. नागपूर ही त्याची राजधानी.

या प्रांतात उच्च शिक्षणाची सोय तुटपुंजी होती. नागपुरात हिस्लॉप आणि मॉरिस ही महाविद्यालये एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात निघाली. नागपूर विद्यापीठ मात्र १९२३ साली स्थापन झाले. अमरावतीस किंग एडवर्ड महाविद्यालय निघाले तेही १९२३ सालीच. तोपर्यंत वऱ्हाडातील विद्यार्थ्याला मॅट्रिकनंतर घर सोडावेच लागे. बालाघाटच्या मुलाला नागपूर हाच परदेश होता. ज्याने एकदा नागपूर किंवा पुणे गाठले, त्याच्या मनात पुढचा विचार येणे स्वाभाविक होते. वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे तरुणपणीच जपानमार्गे अमेरिकेस गेले. तेथे त्यांनी कृषिशास्त्राचा अभ्यास केला आणि गदर चळवळीत भाग घेतला. स्वातंत्र्यानंतरच त्यांना मायभूमीचे दर्शन घडले. १९६७ साली नागपुरात त्यांचे निधन झाले. गेलेले मूल परत न येण्याचे भय कल्पित नसते, हे त्यांच्या चरित्रावरून कळते. मात्र न परतण्याचे कारण दर वेळी सुखलोलुपता नसते, हेही त्यातूनच कळते.

१९२० सालचा निर्णय

या पार्श्वभूमीवर पंजाबराव शामराव देशमुख यांचा निर्णय पाहावयाचा आहे. त्यांचा जन्म २७ डिसेंबर १८९८ रोजी अमरावती जिल्ह्यातील पापळ या खेड्यात शेतकरी कुटुंबात झाला. गावच्या शाळेतून चांदूर रेल्वे, कारंजा आणि अमरावती असे टप्पे ओलांडून ते मॅट्रिक झाले आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. महाविद्यालयात शिकत असतानाच त्यांच्या मनाने इंग्लंडचा ध्यास घेतला.

हा ध्यास किती धाडसाचा होता हे समजण्यासाठी त्या काळची परिस्थिती ध्यानात घ्यावयास हवी. पहिले महायुद्ध नुकतेच संपले होते. शेतकरी घरात रोख रक्कम क्वचितच असे. संस्थानिकांच्या कृपेने शिकणारे काही थोडे विद्यार्थी होते. डॉ. भीमराव आंबेडकरांना बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. तिच्याबरोबर दहा वर्षे बडोद्याची नोकरी करण्याचा करारही लिहून घेतला होता. अपुरे राहिलेले शिक्षण पूर्ण करण्यासाठी १९२० साली आंबेडकर पुन्हा लंडनला निघाले ते साठविलेला पगार, मित्राचे कर्ज आणि शाहू महाराजांचे साहाय्य यांच्या बळावर. त्याच १९२० साली पंजाबरावही इंग्लंडला निघाले. त्यांच्या पाठीशी कोणी संस्थानिक नव्हता. वडिलांनी शेती गहाण ठेवून पैसा उभा केला.

शेतकऱ्याने जमीन गहाण ठेवणे ही साधी गोष्ट नव्हे. लग्नासाठी, दुष्काळासाठी, कोर्टकचेरीसाठी वऱ्हाडात जमिनी गहाण पडत आणि पुष्कळदा सावकाराच्या घरी कायमच्या जात. अशा प्रदेशात एका बापाने मुलाच्या विद्येसाठी तोच मार्ग पत्करला. मुलगा नापास झाला, आजारी पडला किंवा तिकडेच राहिला तर मुलगाही गेला आणि जमीनही गेली, हे त्यास कळत नव्हते असे नाही. म्हणून परदेशी शिक्षणाचा निर्णय विद्यार्थी घेतो असे आपण म्हणतो, ते अर्धेच खरे आहे. तो निर्णय सबंध घर घेत असते. आणि घरातील जी माणसे जहाजावर चढत नाहीत, त्यांचा त्यातील वाटा अधिक मोठा असतो.

वेदांचा अभ्यास आणि मंदिराचे दार

पंजाबरावांनी एडिंबरो विद्यापीठाची एम. ए. पदवी घेतली, ऑक्सफर्डची डॉक्टरेट मिळविली आणि ते बॅरिस्टरही झाले. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम आणि विकास. पुढे १९३३ साली तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. पापळच्या शेतकऱ्याचा मुलगा वेदांतील धर्म शिकण्यासाठी थंड प्रदेशातील परक्या विद्यापीठात गेला, ही घटना विचार करावयास लावणारी आहे. जन्माने शेतकरी असलेल्या मुलाला वेदाध्ययनाचा अधिकार आहे काय, हा वाद वऱ्हाडात त्या काळी मिटलेला नव्हता. एडिंबरोस तो प्रश्न कोणी विचारला नाही. तिकडे केवळ संस्कृत येते की नाही एवढेच पाहिले गेले.

१९२६ साली ते परत आले. बॅरिस्टर होऊन आलेल्या मुलाने वकिली करावी, गहाण जमीन सोडवावी आणि सुखाने राहावे, ही सर्वसाधारण अपेक्षा. पंजाबरावांनी वकिली सुरू केली खरी, पण त्यांचे लक्ष सार्वजनिक कार्याकडे लागले. १९२७ साली अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून चळवळ उभी राहिली, तिच्या अग्रभागी पंजाबराव होते. त्या वर्षी १३ नोव्हेंबर रोजी डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली अमरावतीस परिषद भरली. मंदिराच्या पंचांना विचार करण्यास अवधी मिळावा म्हणून सत्याग्रह पुढे ढकलण्याचे त्या परिषदेत ठरले. वेदांतील धर्म अभ्यासून आलेला विद्वान मंदिराच्या दारात उभा राहून विचारीत होता, की हे दार सर्वांना का उघडे नाही. मंदिरांची व्यवस्था पाहणाऱ्या पंचांना हा प्रश्न अवघड वाटला यात नवल नाही. परंतु प्रश्न विचारणारा माणूस धर्माचा शत्रू नव्हता. धर्माचा उगम शोधण्यात त्याने आयुष्याची उमेदीची वर्षे घालविली होती.

१९३२ चे विधेयक

महाजन मंडळींच्या दृष्टीने याहूनही महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. पंजाबराव १९३० साली मध्य प्रांत कायदे मंडळात निवडून गेले आणि शिक्षण व शेती या खात्यांचे मंत्री झाले. १९३२ साली त्यांनी हिंदू देवस्थान संपत्ती विधेयक मांडले. देवस्थानांच्या संपत्तीचा आणि उत्पन्नाचा हिशेब उघड व्हावा आणि त्या धनाचा विनियोग शिक्षणासारख्या लोकोपयोगी कामी व्हावा, हा त्याचा आशय होता. विधेयकास मोठा विरोध झाला आणि त्याचा कायदा होऊ शकला नाही. झाला असता तर लांजी आणि रामपायलीसारख्या बालाघाटच्या जुन्या देवस्थानांपर्यंतही त्याचा विचार पोहोचला असता, कारण बालाघाट त्याच प्रांतात होता.

विरोध करणारांचे म्हणणे सर्वस्वी टाकाऊ होते असे म्हणता येणार नाही. देवाला वाहिलेले द्रव्य देवाचे. ज्या संकल्पाने दात्याने ते दिले तो संकल्प मोडू नये, ही धारणा प्रामाणिक होती. सरकारचा हात एकदा देवाच्या पेटीत गेला की तो कोठे थांबेल, ही शंकाही निराधार नव्हती. पण पंजाबरावांच्या बाजूचे बळही ओळखले पाहिजे. वडिलांनी जमीन गहाण ठेवली म्हणून एक मुलगा शिकला. ज्यांच्याजवळ गहाण ठेवावयास जमीनच नव्हती त्यांच्या मुलांचे काय? आणि गावोगावी देवळांतून पिढ्यान् पिढ्या साठलेले धन असताना शेतकऱ्याने सावकाराचेच दार का ठोठवावे? विधेयकामागची ही व्यथा बॅरिस्टराची नव्हती, गहाणखतावर शिकलेल्या विद्यार्थ्याची होती.

विधेयक पडले म्हणून ते स्वस्थ बसले नाहीत. जे कायद्याने झाले नाही ते त्यांनी संस्थेद्वारा केले. अमरावतीस श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी राहिली आणि तिच्या शाळा, महाविद्यालये व वसतिगृहे यांतून वऱ्हाडातील बहुजनांची मुले शिकू लागली. पुढे घटना समितीचे सभासद आणि १९५२ ते १९६२ या काळात केंद्रीय कृषिमंत्री म्हणून त्यांनी काम केले. १० एप्रिल १९६५ रोजी त्यांचे निधन झाले. अकोल्याचे कृषी विद्यापीठ आज त्यांच्या नावाने ओळखले जाते. पापळची गहाण शेती अशा रीतीने शेकडो पटींनी फळास आली.

महाजनांनी घ्यावयाचा बोध

योगायोग असा, की मध्य प्रांतात हे विधेयक गाजत होते त्याच सुमारास, म्हणजे ३० मार्च १९३३ रोजी, गोमंतकात देवस्थानांच्या कारभाराचा नवा कायदा जारी झाला. महाजनांची नोंदवही, सर्वसाधारण सभा, निवडून दिलेली व्यवस्थापक समिती, अंदाजपत्रक आणि हिशेब या ज्या गोष्टी महाजन कुटुंबांच्या अंगवळणी पडल्या आहेत, त्या त्या नियमावलीनेच घट्ट केल्या. हिशेब उघड असावा ही पंजाबरावांची अर्धी मागणी गोमंतकात अशा रीतीने दुसऱ्या मार्गाने मान्य झाली. उरलेली अर्धी मागणी, म्हणजे देवळातील द्रव्याने विद्या वाढावी ही, कायद्याने लादण्याची गोष्ट नसून महाजनांनी आपखुशीने करण्याची आहे.

अनेक देवस्थानांनी पुस्तके, बक्षिसे आणि शिष्यवृत्त्या देण्याची प्रथा पाडली आहे आणि ती स्तुत्यच आहे. परंतु परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्याची गरज निराळी असते. त्याला गुणगौरवाच्या शालीपेक्षा वेळेवर मिळणारे, फेडता येईल असे, बिनव्याजी साहाय्य हवे असते. परतफेडीतून पुढच्या विद्यार्थ्याची सोय होत जाईल असा कायमचा विद्यानिधी महाजन मंडळाने उभारला, तर एखाद्या कुटुंबाचे भाट विकण्याचे किंवा दागिने गहाण टाकण्याचे टळेल. दात्यांनी याच हेतूने दिलेल्या देणग्यांचा हा निधी असला म्हणजे देवाला वाहिलेल्या द्रव्याचा संकल्पही मोडत नाही. मुलगा आणि मुलगी असा भेद त्यात नसावा. आनंदीबाई आणि माणिक कोसंबी यांची उदाहरणे डोळ्यांपुढे असता तो करण्यास आधार उरत नाही. आणि साहाय्य देताना, परत येऊन आम्ही सांगू तेच करावे लागेल, अशी अटही नसावी. पंजाबराव परत आले ते कोणी लिहून घेतले होते म्हणून नव्हे. आणि परत आल्यावर त्यांनी पंचांना अप्रिय असेच प्रश्न विचारले. विद्येसाठी पैसा देणारांनी एवढी तयारी ठेवावयास हवी, की शिकून आलेला मुलगा आपल्यालाही प्रश्न विचारील.

परदेशी निघालेल्या विद्यार्थ्यांनीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आज समुद्र ओलांडण्यास प्रायश्चित्त घ्यावे लागत नाही. तीन आठवड्यांचा जलप्रवास काही तासांवर आला आहे. निषेध गेला, पण ऋण गेलेले नाही. ज्यांनी जमीन, दागिने किंवा आपली म्हातारपणची सोबत पणाला लावून पाठविले, त्यांचे ते ऋण आहे. ते केवळ पैसे पाठवून फिटते असे नाही. पापळच्या मुलाने ते आपल्यामागून येणाऱ्यांसाठी शाळेची दारे उघडून फेडले. प्रत्येकाने आपापल्या शक्तीप्रमाणे ते फेडावे. वर्षातून एकदा जत्रेला, पालखीला गावी येऊन, देवदर्शन झाल्यावर महाजनांच्या मुलांना एकत्र बसवून आपण काय शिकलो हे सांगितले, तरी त्या ऋणफेडीचा आरंभ झाला असे समजावयास हरकत नाही.